अध्यक्षांचं निर्णायक मत

दादांची वाचा जाऊन बावीस दिवस झाले होते, पण सभेची वेळ बदलली नव्हती. रविवार, दुपारी तीन. तीनला पाच कमी असताना दार लावायचं, त्यानंतर येणाऱ्यानं दाराबाहेर बसून ऐकायचं. हा नियम दादांनी ओतकारखान्याच्या गेटवर बनवला, युनियनच्या कचेरीत रुजवला आणि एक दिवस उचलून घरी आणला. बाहेर एक आणि घरात एक असं वागणारा माणूस ढोंगी, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे या घरात नवराबायकोचं भांडण झालं तरी त्याला सूचक आणि अनुमोदक लागत.

थोरली सून इतिवृत्ताची वही मांडीवर घेऊन दाराजवळच्या स्टुलावर बसली. घरात तिला सगळे चिटणीसबाई म्हणत, आणि हे नाव पडायला कारण तिचं अक्षर. लग्नाला तीन आठवडे झाले तेव्हा दादांनी तिनं लिहिलेली किराण्याची यादी पाहिली, चष्मा वर केला आणि वही तिच्या हातात दिली. वर एवढंच सांगितलं, "चिटणीसाला मत नसतं. चिटणीस बोलत नाही. तो ठराव वाचतो, हात मोजतो आणि लिहितो." म्हणजे स्वयंपाक करायचा, वाढायचा, भांडी घासायची, आणि काय शिजवायचं यावर मात्र हात वर करायचा नाही. सव्वीस वर्षं तिनं तो केला नव्हता.

वहीत सगळं होतं. धाकट्यानं शिक्षण सोडून कारखान्यात जाणे: बाजूने तीन, विरोधात एक. पंखा घेणे: पुढील सभेपर्यंत तहकूब, आणि असं लागोपाठ अकरा वर्षं. दादांनी निवडणुकीला उभं राहणे: एकमताने मंजूर. आमदार झाल्यावर कामगार वसाहतीतल्या या दोन खोल्या सोडणे: नामंजूर. तत्त्व दादांनी सांभाळलं, पाणी बायकांनी भरलं. तिला सून करून घेण्याचाही ठराव होता. बाजूने तीन, तटस्थ एक. तटस्थ कोण, ते मात्र लिहायचं राहिलं होतं.

वहीत न लिहिलेलं तिच्या डोक्यात असे. कोण कोणाच्या उपकाराखाली आहे, कोणाचा राग कुठल्या साली अडकलाय, कोण बोलतो एक आणि हात वर करतो भलत्याच गोष्टीला. सभा सुरू होण्याआधीच ती मनात हात मोजून मोकळी होई, आणि सहसा चुकत नसे.

आजची बेरीज तर सोपी होती. थोरला, म्हणजे तिचा नवरा, बाजूने. धाकटा विरोधात. आई, म्हणजे सासूबाई, आजवर धाकट्याच्या मागे गेलेल्या, म्हणून त्या विरोधात. नणंद इस्पितळात नर्स होती. तिची बदली घराजवळ करून दिली ती थोरल्यानं, म्हणून ती बाजूने. दोनास दोन. आणि दोनास दोन झालं की या घरात निर्णय अध्यक्षांच्या, म्हणजे दादांच्या मतावर जाई.

"चला, वाचा," थोरला घड्याळ पाहत म्हणाला. त्याच्या खिशातला फोन सकाळपासून तिसऱ्यांदा थरथरत होता. पक्षाचा प्रतोद.

दादा पलंगावर उशांना टेकवून बसवलेले. उजवी बाजू पूर्ण गेलेली, ओठाचा कोपरा ओघळलेला. डावा हात तेवढा शाबूत, पांघरुणावर पालथा पडलेला.

चिटणीसबाईंनी वाचलं, "विषय एक. उद्या सभागृहात कारखाने बंद करण्यासंबंधीचं विधेयक मताला येत आहे. दादांना सभागृहात नेऊन पक्षाच्या आदेशाप्रमाणे विधेयकाच्या बाजूने मतदान करवणे. सूचक, थोरले चिरंजीव. अनुमोदक..."

त्या थांबल्या. अनुमोदक कोण ते त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

"अनुमोदन माझं," आई म्हणाल्या.

धाकट्यानं आईकडे पाहिलं, तशी त्या पदराच्या टोकाला गाठ मारायला लागल्या. चिटणीसबाईंची बेरीज पहिल्याच ओळीत चुकली.

"आई, कुठलं विधेयक आहे कळतंय ना तुला?" धाकटा म्हणाला. तो त्याच ओतकारखान्यात लेथवर टर्नर होता. बोटांच्या पेरांत मुरलेलं काळं तेल सभेसाठी साबणानं घासून आला होता, तरी गेलं नव्हतं. "सरकारच्या परवानगीशिवाय कारखान्याला कुलूप लावता येणार नाही, हे कलम कोणी घातलं? दादांनी. पहिल्या टर्मला. लोक त्याला दादांचं कलम म्हणतात. ते काढायला उद्या दादांचाच हात?"

"कळतंय मला. कलम जन्माला आलं तेव्हा मी चूल फुंकत होते, पण बहिरी नव्हते."

"मग?"

"मग काय मग! हात वर केला नाही तर आमदारकी जाते. आमदारकी गेली की सरकारी खर्चानं इस्पितळात राखलेली खोली जाते. ते यंत्र जातं, रोज येणारी ती पोरगी जाते व्यायाम करून घेणारी. मला माणूस हवाय रे. तत्त्वाशी मी पन्नास वर्षं संसार केलाय, माझं पोट भरलंय."

थोरल्यानं संधी साधली.

"एका मतावर आलंय सगळं. दादा गेले नाहीत तर समसमान होऊन विधेयक पडतं आणि वर दादा अपात्र. गेले तर विधेयक पास, दादांचे उपचार चालू, आणि पुढच्या खेपेला..."

"आणि पुढच्या खेपेला तिकीट तुला," नणंद म्हणाली. ती रात्रपाळी करून थेट आली होती, डोळे लाल, पायात अजून इस्पितळातले पांढरे बूट. "ते पण सांग की. घरातच सांगतोयस."

"सांगतो. मला. का, मी वाईट आमदार होईन?"

"होशील की चांगला. फोन उचलतोस पटकन."

धाकटा हसला. चिटणीसबाईंनी मनात दुसरा आकडा खोडला. नणंद बाजूने नव्हती. बदलीचे उपकार कधीच फिटले होते, किंवा मुळात त्यांचं ओझंच तिला वाटलं नव्हतं. सव्वीस वर्षं हात मोजून चिटणीसबाईंना ते कळलं नव्हतं.

"दादा, सभागृहात हात कुठला वर करायचा ते नियमात नाहीये बरं," थोरला पलंगाकडे वळून मोठ्यानं म्हणाला, जणू दादा बहिरेही झाले होते. "प्रतोद म्हणाले, डावा चालेल. येणार ना तुम्ही?"

डावा हात सावकाश वर उठला. कोपरात किंचित वाकलेला, पंजा उघडा. हजार सभांमध्ये वर गेलेला हात. क्षणभर थांबला आणि परत पांघरुणावर आला.

"बघा," थोरला म्हणाला.

"हा प्रकार काय आहे, मला डॉक्टरांकडून ऐकू दे," नणंद म्हणाली. "असे पेशंट मी रोज बघते. मेंदूला झटका बसला की कधीकधी..."

"मग विचार ना तूच," थोरला म्हणाला. "बावीस दिवसांत आज दुसऱ्यांदा येतेयस."

ते तिला लागलं. ती उठली, पलंगाच्या कडेला बसली. इतका वेळ नर्स बोलत होती. दादांच्या तोंडाजवळ वाकल्यावर ती एकदम लहान झाली.

"दादा, मला ओळखलंत? मी आहे."

हात वर गेला.

नणंदेनं तो दोन्ही हातांत धरला, गालाला लावला, आणि तिचे खांदे हलायला लागले. आई म्हणाल्या, "मलाही रोज ओळखतात. रोज सकाळी विचारते मी." त्यानंतर नणंदेनं डॉक्टरांचं नाव काढलं नाही. नर्सला जे विचारायचं होतं ते मुलीनं विचारू दिलं नाही.

चिटणीसबाईंनी मान वहीत घातली. दादांना दोन वेळा चमच्यानं सूप त्या भरवत. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं होतं, "अजून देऊ?" हात वर गेला. म्हणून पुन्हा चमचा नेला, तर सूप गालावरून ओघळलं. "पुरे का?" हात वर. मग त्यांच्या मनात शंका आली, आणि खोलीत कोणी नाही असं पाहून त्यांनी हळूच विचारलं, "बाहेर हत्ती आलाय का?" हात वर. "मी तुमची बायको का?" हात वर. प्रश्नाचा सूर चढला की हात चढत होता. आत कोणी ऐकत नव्हतं. उरली होती ती फक्त सवय.

त्यांनी हे कोणाला सांगितलं नाही. सांगणार कोणाला? आई रोज सकाळी आंघोळ करून, केस विंचरून पलंगाशी येत आणि विचारत, "मी आहे, ओळखलंत ना?" हात वर जाई आणि त्या बाईचा दिवस सुरू होई. पन्नास वर्षांत दादांनी तिच्या इतक्या प्रश्नांची उत्तरं दिली नव्हती.

"मत घ्या," थोरला म्हणाला.

चिटणीसबाईंनी ठराव पुन्हा वाचला. "बाजूने?"

थोरला. आई.

"विरोधात?"

धाकटा. नणंद, डोळे पुसत.

"दोनास दोन," त्यांनी लिहिलं. "समसमान."

"अध्यक्षांचं निर्णायक मत," थोरला म्हणाला, आणि आवाजात त्यानं कितीही दाबला तरी आनंद उरलाच. "चिटणीसबाई, विचारा."

पद्धत अशी होती की अध्यक्षांना प्रश्न चिटणीसानंच विचारायचा. दुसऱ्या कोणी विचारला तर ते मत धरायचं नाही. दादांनीच हे ठरवलं होतं, कारण गेटवरच्या सभांमध्ये मालकाची माणसं मध्येच ओरडून लोकांचे हात वर करवत.

त्या उठल्या. पलंगापर्यंत चार पावलं. त्यांना आता कळून चुकलं होतं की निर्णायक मत दादांचं नव्हतंच. त्या जो शब्द आधी उच्चारतील, त्याला हात वर होईल. "विरोधात" आधी म्हटलं की दादा उद्या घरी राहतील, विधेयक पडेल, कारखाना चालू राहील. आणि खोली, यंत्र, ती व्यायामाची मुलगी, नवऱ्याचं तिकीट, सगळं जाईल. "बाजूने" आधी म्हटलं की उलट. सव्वीस वर्षं एक मत नव्हतं, आणि आज एकटीचं सगळं होतं.

तिसरीही वाट होती. तोंड उघडून सांगायचं: या हाताला काही अर्थ नाही. आई समोरच बसल्या होत्या. सकाळी नीट घातलेला अंबाडा, कानाजवळ एक बट सुटलेली.

नवरा बघत होता. त्याची नजर त्यांना पाठ होती. तिच्यात धमकी नव्हती, फक्त गृहीत धरणं होतं. धाकटाही बघत होता, पण वेगळंच. घट्ट, डोळे न हलवता, लेथवर माप धरतात तसं.

पद्धतीप्रमाणे "बाजूने" आधी विचारतात. वहीत पहिला रकाना बाजूनेचा असतो. चिटणीसबाईंच्या जिभेला तेच वळण होतं. असं त्यांनी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं.

"अध्यक्ष महाराज," त्या म्हणाल्या. "बाजूने?"

हात वर गेला.

धाकट्यानं डोळे मिटले. थोरल्यानं फोन काढला. "ठराव मंजूर," चिटणीसबाईंनी लिहिलं, आणि त्यांचं अक्षर नेहमीसारखंच सुंदर आलं.

चहाच्या वेळी धाकटा कप घेऊन आत आला. नळ सोडून विसळायला लागला. भावजींना कप विसळताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"ठेवा ते, मी करते."

"असू दे."

बाहेर थोरला फोनवर खुर्चीची चौकशी करत होता, चाकांची, हँडल कुठल्या बाजूला वगैरे. चिटणीसबाईंनी दार थोडं ओढून घेतलं.

"भावजी, एक सांगायचंय. तो हात... दादांचा हात कशालाही वर होतो."

"माहितेय."

नळाचं पाणी तसंच वाहत होतं.

"रोज दाढी मी करतो त्यांची," तो म्हणाला. "पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, दादा, कापलं का? हात वर. कापलं नव्हतं. मग म्हटलं, दादा, मालक बरोबर होता का? हात वर." तो हसायला गेला, पण ओठ वाकडे झाले, दादांसारखेच. "त्या दिवशी लेथवर तीन नग खराब केले मी."

"मग सभेत का नाही बोललात?"

"तुम्ही का नाही बोललात?"

"चिटणीस बोलत..."

"ते सोडा, वहिनी."

त्यांनी ओला कप उचलून पुसला. मग म्हणाल्या, "आईंसाठी."

"मग माझंही तेच. सांगितलं असतं तर उद्या सकाळी आईनं कोणाला विचारायचं, ओळखलंत का म्हणून?" त्यानं नळ बंद केला. "मला वाटलं, तुम्ही उलटं विचाराल. विरोधात आधी. बघत होतो तुमच्याकडे. म्हटलं, वहिनींना ठाऊक असणार, भरवतात त्या. वहिनी काहीतरी करतील."

"अहो, मग डोळ्यांनी तरी खुणवायचं!"

"खुणवत होतो की."

चार पावलं आणि एक शब्द. चिटणीसबाईंना नवऱ्याचा राग येईना, धाकट्याचा येईना, आणि स्वतःचा येतोय म्हणावं तर तोही नीट येईना.

"अजून वेळ आहे," त्या म्हणाल्या. "गेटवर जाऊन सांगा लोकांना, दादांना कशाला नेतायत ते. बाराशे माणसं आहेत तुमची. वाट अडवतील. गाडी पुढे जाऊ देणार नाहीत."

"ठराव झालाय, वहिनी."

"असला ठराव?"

"ठरावच. आपण हरलो म्हणून बाहेर जाऊन बोभाटा करायचा नाही, हे मला कोणी शिकवलं? आमच्या ओतशाळेत तीनदा संप मागे घेतला, तिन्ही वेळा मी विरोधात होतो, आणि तिन्ही वेळा दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला मशीनवर होतो." त्यानं कप पालथा घातला. "तेवढं एकच राहिलंय माझ्याकडे दादांचं. तेही टाकू?"

त्यांनी फडकं घेतलं आणि कोरडाच ओटा पुसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सभागृहाच्या इमारतीपुढे कारखान्याचे लोक आधीच जमले होते. पहिली पाळी अर्धी सोडून आलेले. काहींच्या बाह्यांना साच्याची वाळू तशीच चिकटलेली. खुर्चीसाठी मागच्या बाजूला उतार होता, पण पुढच्या दाराला फोटोवाले होते, म्हणून थोरल्यानं गाडी पुढे घेतली. पुढे एकवीस पायऱ्या.

गाडीतून खुर्ची उतरली आणि गर्दीतून आवाजच निघाला. ओरडा नव्हे, छातीतून सुटलेला श्वास. दादा आले. अशा अवस्थेत आले. आपलं कलम वाचवायला आले. कोणी कोणाला विचारलं नाही. विचारण्यासारखं त्यात काही होतंच कुठे! एक निवृत्त भट्टीवाला, दादांच्याच वयाचा, पुढे येऊन खुर्चीपाशी वाकला.

"दादा, आम्ही आहोत ना?"

हात वर गेला. पायऱ्यांवर टाळ्यांचा कडकडाट झाला.

थोरल्यानं इकडेतिकडे पाहिलं, शिपाई कुठे दिसतोय का म्हणून. पण तोवर चौघांनी खुर्चीला हात घातलेले. पुढच्या उजव्या चाकाशी धाकटा होता. तो कधी आला ते चिटणीसबाईंना दिसलं नाही. त्याच्या तोंडाकडे पाहायचं त्यांनी टाळलं, आणि लघवीची पिशवी पदराखाली धरून खुर्चीच्या बाजूनं चढायला लागल्या. तिची नळी लांबीला बेताची होती. मागे राहून चालणार नव्हतं.

"सरळ धरा रे, कलू देऊ नका."

"माझ्याकडे वजन येऊ दे. मला सवय आहे."

"हळू! दादा आहेत, पोतं नाही."

"पोतं असतं तर तू आला असतास का उचलायला?"

हसले सगळे. धाकटाही हसला, कारण न हसला असता तर कोणीतरी विचारलं असतं. दहाव्या पायरीवर दादांची शाल सरकली. त्यानं एका हातानं खुर्ची तोलली, दुसऱ्यानं शाल गळ्याशी नीट केली आणि पुन्हा पकड घेतली. बाकीच्यांना थांबावं लागलं नाही.

वरती खुर्ची टेकली तेव्हा चौघांनाही धाप लागली होती. भट्टीवाल्यानं कपाळ पुसलं आणि चिटणीसबाईंना म्हणाला, "जा तुम्ही आत, बाई. आम्ही इथंच थांबतो. निकाल लागला की खाली आणायलाही माणसं लागतील ना."

त्यांनी मान हलवली. थोरल्यानं आत बोट दाखवलं. त्यांनी खुर्चीच्या दांड्या धरल्या आणि ढकलायच्या आधी एकदा मागे पाहिलं. धाकटा खाली उतरत होता. पायरी-पायरीवर बसलेल्या लोकांनी गुडघे बाजूला घेऊन त्याला वाट दिली. सगळ्यांत खालच्या पायरीवर एकानं सरकून जागा केली, तो बसल्यावर त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "आता काळजी मिटली बघ."